आभाराचा कागद

माझं तोंड उघडलं का सौंसरच्या लोकांले भूक लागते. हे मी कौतुकानं सांगून नाही राहिलो, अन् रडूनही नाही राहिलो. जे आहे ते आहे. चौदा सालापासून आमच्या गावच्या कला महोत्सवात आभार प्रदर्शन माझ्याकडे आहे. गुणवंता बाबू माइकजवळ गेला, म्हणजे कार्यक्रम संपला, म्हणजे जेवण सुरू झालं, हे इथल्या शेंबड्या पोरालेही माहीत आहे. मागच्या साली एका बारशाले गेलो होतो. पाळण्याजवळ सहज उभा राहून 'नमस्कार मंडळी' म्हटलं, तर दोन म्हातारे हात धुवाले उठले.

महोत्सवाचं छापील नाव नवोन्मेष कला महोत्सव. हे नाव कॉलेजातल्या चंचल मॅडम सोडून कोणाच्या तोंडात बसत नाही, म्हणून लोकं त्याले नव्याचा मेळा म्हणतात. जानेवारीचा पहिला इतवार, सकाळी दहा ते दुपारी दोन, मंगल भवनात. नियम एकच, पण लोखंडी: जे सादर कराचं ते नवं पाहिजे. त्याच सालातलं, स्वतःचं, अन् आधी कुठंच न केलेलं. अध्यक्ष यशवंतराव संत्र्याचे मोठे बागायतदार. नियमाचे इतके पक्के, का एका साली त्यांनी भजनी मंडळाले अर्ध्या भजनातून उठवलं. काऊन? तर शब्द नवे होते पण चाल जुनी निघाली! एकदा माइकवर बोललं का ते जुनं झालं, हा त्यांचा कायदा. मग ती कविता असो का नाटक, तिले या मेळ्यात दुसऱ्यांदा जागा नाही.

अन् अशा या नव्याच्या मेळ्यात एकच वस्तू चौदा साल जुनी होती. माझा आभाराचा कागद.

तो मी पहिल्या साली लिहिला. दुसऱ्या साली त्याच्यावर वांग्याच्या भाजीचं तेल सांडलं, तर तिसऱ्या साली मी त्याले लॅमिनेशन करून घेतलं. नगर पालिकेतला बाबू मी. कागद जपाचा हे रक्तातच आहे. त्यात सगळे ओळीनं होते: तहसीलदारसाहेब, नगर पालिकेचे सीएमओसाहेब, ठाणेदारसाहेब, मग गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजणारे रामाकोना गावचे सुखदेव आचारी, मग दऱ्या-खुर्च्या पुरवणारे बिछायतवाले मोतीराम, मग माइकवाले, टँकरवाले, पत्रकार बंधू, अन् शेवटी 'ज्ञात-अज्ञात हात'. साहेब बदलले का मी जुन्या नावावर पांढरी चिठ्ठी चिकटवून नवं नाव लिहीत होतो. पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, त्याच आठवड्यात 'छिंदवाडा जिल्हा'वर 'पांढुर्णा जिल्हा'ची चिठ्ठी लागली. तहसीलदारांच्या जागी तर चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या बसून अशी टेकडी झाली होती, का वाचतानी बोट अडखळे. मले त्याचा मोठा गर्व होता. गुणवंता बाबूचं रेकॉर्ड, म्हणजे एकदम अपटुडेट!

आता चौदा साल दुसऱ्याचं नवं पाहून पाहून माणसाले खाज तर सुटतेच. त्यात मार्चमध्ये मी रिटायर होऊन राहिलो, अन् पोरगा म्हणते का बाबा, आता भोपाळले आमच्याजवळ या. म्हटलं, यंदा नाही तर कधी? मले काही टाळ्या नको होत्या. खोटं बोलून राहिलो, पाहिजे होत्या. पण टाळ्याच्या वर एक गोष्ट पाहिजे होती. कोणीतरी मले पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत बसून ऐकावं. जन्मात एक डाव. उठू नये, चपला शोधू नये, 'चाल बे, संपते तिकडे' म्हणून बाजूच्याले कोपर मारू नये. एवढंच.

म्हणून मी एकपात्री लिहिलं. 'एका संत्र्याची कैफियत.' वीस मिनिटं एक संत्रा बोलते. जन्मला सौंसरच्या बागेत, वाढला सौंसरच्या पाण्यावर, अन् दिल्लीच्या बाजारात पेटीवर नाव काय, तर नागपूर! 'माझं नाव कोणी घ्या हो!' असं तो शेवटी रडते. लिहितानी मी स्वतः दोन डाव रडलो. बायकोले वाचून दाखवलं, तर ती तूर निवडता निवडता म्हणे, "वीस मिनिटं? सोलून खाल्ला तर दोन मिनिटात संपते संत्रा."

"कलेतलं तुले काय समजते?" मी म्हटलं.

"कलेतलं नाही समजत. तुमच्यातलं समजते," ती म्हणे.

तरी मी मागं हटलो नाही. नारिंगी कुडता शिवला, हिरवी टोपी शिवली. आरशात पाहिलं तर संत्रा काही दिसेना, पिकलं कोहळं दिसे. हरकत नाही, म्हटलं, अभिनयानं भरून काढू.

शनिवारी जामसांवलीले गेलो. तिथला मारुती निजलेला आहे. मले तो देव पहिल्यापासून आवडते. माझं बोलणं सुरू झालं तरी उठून जात नाही असा एवढाच एक. हात जोडून म्हटलं, "देवा, एक माणूस, जास्त नाही, एकच माणूस मले शेवटपर्यंत ऐकू दे. पाच पायल्यांचे रोडगे करीन." बाहेर आल्यावर बायकोले सांगतलं, तर ती कपाळाले हात लावून म्हणे, "अहो, लोकं रोडग्यासाठीच तर तुम्हाले टाकून पळतात! अन् तुम्ही नवस रोडग्याचाच बोलता?"

हे मारुतीसमोर जाण्याआधी सांगाले पाहिजे होतं.

इतवारी सकाळी यशवंतरावांनी यादी लावली. मी शेवटी. "गुणवंता बाबू, तुम्हाले शेवटी बोलाची सवय आहे," ते म्हणे, अन् मी मुंडी हलवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आभाराचं चंचल मॅडमनं आपल्याकडे घेतलं होतं. "काका, आज तुम्ही कलाकार. आभार मी मानते," असं म्हणून तिनं मोबाइलमध्ये पाच ओळी लिहून घेतल्या. माझा कागद द्याले मी तयार होतो, पण तिनं मागितला नाही. मग मी तो कुडत्याच्या खिशातच ठेवला. चौदा सालाची सवय. तो खिशात नसला तर मले उघडं-उघडं वाटते.

दहा वाजता कार्यक्रम सुरू झाला. एका मास्तरानं रिचार्ज संपलेल्या मोबाइलवर नाचून-गाऊन दंडार केली. एका मॅडमनं कापसाच्या बोंडावर चाळीस कडव्यांची कविता म्हटली, अन् लोकं चाळीसही कडवे बसून राहिले. मी मोजून राहिलो होतो ना! मनात म्हटलं, चाळीस कडवे पचवणारे लोकं एक संत्रा नाही पचवतीन का?

दीड वाजला. मागच्या खिडकीतून सुखदेव आचाऱ्याच्या रोडग्यांचा वास यायले लागला. गोवऱ्यांच्या आरातला भाजका वास, त्याच्यावर वांग्याच्या भाजीची फोडणी. यशवंतरावांनी माइक घेतला. "अन् आता येऊन राहिले आपले गुणवंता बाबू..." पुढं ते म्हणाले का यंदा बाबू स्वतःची नवी कलाकृती घेऊन येऊन राहिले. पण ते मीच ऐकलं, काऊन की 'बाबू' शब्दावरच दोनशे खुर्च्या सरकल्या.

मी धावतच माइकवर गेलो. "मंडळी, मी एक संत्रा आहे!"

अर्धं सभागृह उभं.

"बसा, बसा! हे आभार नाहीत! नाटक आहे हे!"

लोकं हसले. "बाबू यंदा रंगात आहे बे," कोणीतरी म्हटलं. पहिल्या रांगेतल्या पाटील आजोबांनी तर मले मायेनं हात केला, "हाव हाव, झाले आभार, लय छान झाले," अन् काठी टेकत निघाले. मी आवाज चढवला. संत्रा कळीतून फुलात आला तोवर मधल्या रांगा गेल्या. आधी पोटोबा मग विठोबा, तिथं संत्रोबाचा नंबर कुठून लागाचा? दुसऱ्या रांगेत पाहतो तर माझी बायको! तीही उठून चालली होती. सवयीनं. दारापर्यंत गेली, तिथं तिले आठवलं, अन् तिनं तोंडावर हात ठेवून मागं वळून पाहिलं. पण मागून लोंढा असा का तो तिले घेऊन थेट पंगतीपाशीच थांबला. चंचल मॅडम "अहो थांबा, थांबा" करत लोकांमागं गेल्या, त्याही परत आल्या नाही.

मी सजावटीतून सुटून खाली पडलेला एक फुगा पाहत उभा राहिलो. संत्रा अजून फुलातच होता.

यशवंतराव दारातून डोकावले, हातात पत्रावळ. "झालं ना सादर? उत्तम. पुढच्या साली आता नवं लिहा."

"कायचं सादर, यशवंतराव? फळच नाही धरलं अजून!"

"माइकवर बोलले ना तुम्ही? मग झालं. तुमच्यासाठी नियम मोडला तर भजनी मंडळ माझ्या घरावर येईन," ते म्हणे, अन् रोडगा गरम आहे तोवर गेले.

मी स्टेजच्या पायरीवर बसलो अन् मले रडू आलं. खरंच आलं. बासष्ट सालाचा माणूस, नारिंगी कुडता, हिरवी टोपी, अन् ढसाढसा. स्वतःचाच राग आला. कोणी सांगतलं होतं गुणवंता तुले? आभार मानत होता, गुमान आभार मानत राहायचं होतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या कार्यक्रमाची शेपटी झाला, अन् आता शेपटीले वाटून राहिलं का आपण बैल होऊ!

तेवढ्यात खुर्च्यांचा आवाज आला. मोतीराम बिछायतवाल्याची बायको, शकुंतलाबाई, मागच्या रांगेपासून खुर्च्या एकात एक घालत येऊन राहिली होती. मी घाईनं टोपीनं डोळे पुसले. ती जवळ आली, थांबली.

"जय भीम, बाबूजी."

"जय भीम, बाई."

"आभार होऊन गेले का? मी मागं टेम्पोपाशी होती. काही ऐकू नाही आलं."

"नाही झाले."

"मंग? होणार आहे का?"

"आता कोणासाठी कराचे बाई? पाहा ना, एक माणूस नाही." मग मले नवल वाटलं. चौदा सालात आभार झाले का नाही हे मले कोणी विचारलंच नव्हतं. "तुम्हाले काऊन पाहिजे होते आभार?"

तिनं हातातली खुर्ची खाली ठेवली. "त्याचं नाव ऐकाचं होतं," ती म्हणे. "सालातून एक डाव निघते ना माइकवर."

अन् तेव्हा, तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. मोतीरामले जाऊन चार साल झाले होते.

मी मयतीत गेलो होतो हो! मले ऐकीव माहिती नव्हती. त्याच्या अंगणात बुद्धवंदना झाली तेव्हा हात जोडून उभा होतो. 'चांगला माणूस गेला' असं माझ्याच तोंडानं म्हटलं होतं. अन् पुढच्याच जानेवारीत त्याच तोंडानं माइकवर वाचलं, 'बिछायत केंद्राचे मोतीराम यांनी सकाळपासून स्वतः उभे राहून व्यवस्था पाहिली.' त्याच्या पुढच्या सालीही वाचलं. चारही साल वाचलं. तहसीलदाराची बदली झाली का दुसऱ्या दिवशी चिठ्ठी लागे. मोतीराम जग सोडून गेला, त्याची चिठ्ठी लागली नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही, काऊन की कोणी ऐकतच नव्हतं. अन् मी लोकांवर रुसून बसलो होतो का मले कोणी ऐकत नाही. अरे, वाचणाराच ऐकत नव्हता तर!

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पहिल्या साली ऐकलं, तर हातातून खुर्ची पडली माझ्या," शकुंतलाबाई सांगून राहिली होती. "वाटलं, बाबूजी चुकले. मंग दुसऱ्या सालीही घेतलं. तवा समजलं का जाणूनबुजून नाव घेते. आठवण म्हणून घेते. मी घरी मोठ्या पोरीलेही सांगतलं, करुणाले. म्हटलं, बाबूजी विसरले नाही तुझ्या बापाले."

आता सांगा, काय बोलाचं माणसानं? 'हाव' म्हटलं असतं तर मोठा माणूस झालो असतो. जीभ 'हाव'वर आलीही होती. पण समोर ती अशी उभी होती का खोटं काही निघेना.

"जाणूनबुजून नाही, बाई," मी म्हटलं. "कागद जुना आहे, एवढंच. बदलाचा राहून गेला. माझीच लापरवाही. माफ करा मले. मी आजच त्याच्यावर तुमच्या नावाची चिठ्ठी लावतो. चार सालापासून तुम्हीच तर सगळं पाहून राहिल्या."

ती माझ्या खिशातून बाहेर निघालेल्या कागदाकडे पाहत राहिली. मले वाटलं, आता शिव्या पडतीन, अन् पडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"चिठ्ठी नका लावजा," ती म्हणे. "माझं नाव काय, दिवसभर कोणी ना कोणी घेतेच. शकुंतला खुर्च्या आण, शकुंतला दरी उचल. त्याचं नाव आता कोण घेते बाबूजी? घरी मी घेतलं तर पोरी रडतात. लापरवाहीनं निघू द्या का कसंही निघू द्या. निघालं म्हणजे झालं."

असं म्हणून तिनं थप्पीतून एक खुर्ची काढली. पदरानं पुसली. दोनशे माणसांच्या त्या रिकाम्या सभागृहात मधोमध मांडली अन् बसली.

"वाचा," ती म्हणे.

मी माइकजवळ गेलो. माइक सुरूच होता. बाहेर पंगतीत माझा आवाज जात होता, पण तिकडे कोणी मान वर केली नसन, हे मले चौदा सालाच्या अनुभवानं माहीत आहे. मी टोपी काढली अन् पहिल्या शब्दापासून सुरू केलं. तहसीलदारसाहेब. सीएमओसाहेब. ठाणेदारसाहेब. सुखदेव आचारी. एरवी मी हे गाडी सुटल्यासारखं वाचतो. आज एक-एक नाव सांभाळून घेतलं.

"बिछायत केंद्राचे मोतीराम यांनी," मी वाचलं, अन् बोट त्या नावावर टेकवलं. थांबलो. पुन्हा घेतलं. "बिछायत केंद्राचे मोतीराम यांनी सकाळपासून स्वतः उभे राहून व्यवस्था पाहिली. त्यांचे मनापासून आभार."

तिनं पदर तोंडाले लावला. मले वाटलं, आता ती उठीन. जे ऐकाचं होतं ते झालं, अन् खुर्च्या अजून उचलाच्या पडल्या होत्या. पण ती उठली नाही. माइकवाले झाले, टँकरवाले झाले, पत्रकार बंधू झाले, तरी ती मांडीवर हात ठेवून बसून होती. ज्ञात-अज्ञात हात झाले. "कार्यक्रम संपला असे जाहीर करतो. जय हिंद." हे वाक्य माणूस समोर बसला असतानी मी पहिल्यांदा म्हटलं.

"बराबर झालं," ती म्हणे. मग उठून आपली खुर्ची थप्पीत घातली. "जा बाबूजी, रोडगे संपतीन."

पुढच्या शनिवारी मी जामसांवलीले पाच पायल्यांचे रोडगे केले. बायको गोवऱ्या रचता रचता विचारे, "कायचा नवस फेडून राहिले? तुमचा संत्रा तर फुलातच झडला." मी म्हटलं, "मी मारुतीले एवढंच मागितलं होतं का एक माणूस मले शेवटपर्यंत ऐकू दे. काय ऐकू दे, ते सांगाचं राहून गेलं. त्यात त्याची चूक नाही."

भोपाळले जाणं होईन तेव्हा होईन, पण जानेवारीत आभाराले येईन असं यशवंतरावांले कळवून दिलं. परवा तहसीलदारसाहेबांची बदली झाली, तर त्यांची चिठ्ठी बदलली. बाकी कागद आहे तसाच आहे.